हीट पंपाचं बाहेरचं युनिट बसवायला जागा कशी निवडावी

पाणी तापवायचा हीट पंप घेतला की बसवणारा बहुतेक वेळा एसीच्या सवयीने जागा दाखवतो, उत्तरेची सावली किंवा इमारतीचा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली अरुंद उभी जागा. दोन्ही जागा चुकीच्या. एसीचं युनिट उष्णता बाहेर फेकतं, म्हणून त्याला सावली मानवते. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो आणि गार हवा सोडतो, त्याला ऊब हवी. ३०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १२ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. गीझर ती सगळी विजेतूनच काढतो. हीट पंप चांगल्या जागी साडेतीन-चार युनिट विजेत भागवतो.

१. आधी हवेची वाट बघा. युनिटच्या मापाचं खोकं जागेवर ठेवून टेप लावा. मागे ३० सेंमी, पुढे किमान दीड मीटर, सर्व्हिसच्या बाजूला ६० सेंमी मोकळं हवं. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त अंतर असेल तर तेच धरा. डक्टमध्ये गार हवा जड असल्याने खाली साचते आणि युनिट तीच पुन्हा ओढतं. मग पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसमोरही नको, तेलकट वाफेने फिन्स, म्हणजे कॉइलवरच्या धातूच्या पातळ पट्ट्या, चिकटतात.

२. दिशा. दक्षिणेची किंवा पश्चिमेची, दुपारी तापणारी भिंत उत्तम. पण पंख्याचं तोंड नैऋत्येला करू नका. पावसाळ्यातला वारा समोरून आदळला की पंख्याला हवा फेकायला जोर पडतो.

३. टेकू. युनिटचं वजन ६०-७० किलो असू शकतं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत साधे अँकर फास्टनर कालांतराने ढिले होतात; तिथे ब्रॅकेट लावायचाच असेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी घ्या. गच्चीवर स्लॅबला भोक पाडू देऊ नका. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, एकदा फुटला की पहिल्याच पावसात खालच्या छताला ओल येते, आणि ती कुठून येते ते शोधता शोधता सगळा कोबा उखडावा लागतो. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर लोखंडी स्टँड बोल्टने पक्का करा, पायांखाली रबरी पॅड घाला. गच्चीच्या फरशीपासून १५-२० सेंमी उंची पुरते.

४. ठिबकणारं पाणी. दमट हवेत गार कॉइलवर भरपूर पाणी सुटतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर धार लागते. ड्रेन पाइपाला मीटरमागे किमान १ सेंमी उतार द्या आणि तो थेट गच्चीच्या पन्हाळीपर्यंत न्या. शेजाऱ्यांच्या खिडकीवर ठिबकलं तर तक्रार ठरलेली.

५. टाकीपासूनचं अंतर. युनिट आणि गरम पाण्याची टाकी जितकी जवळ तितकं बरं. टाकी न्हाणीघरापासूनही लांब नको. १५ मिमी आतल्या व्यासाच्या दहा मीटर पाइपात जवळपास पावणेदोन लिटर पाणी मावतं. नळ बंद झाला की ते तिथेच निवतं. पाइपाला इन्सुलेशन हवंच, आणि त्यावर ऊन लागू नये म्हणून आवरण.

६. आवाज. दोन भिंतींच्या कोपऱ्यात आवाज परावर्तित होऊन वाढतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की तो सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमचा सल्ला, टायमर दुपारी १ ते ५ लावा. हवा सर्वांत गरम असते, शेजारी झोपलेले नसतात, आणि चांगल्या टाकीतलं पाणी सकाळपर्यंत गरम राहतं.

युनिटमध्ये आर-२९० (प्रोपेन) वायू असेल तर तो हवेपेक्षा जड आणि ज्वालाग्राही आहे हे लक्षात ठेवा. गटाराची जाळी, तळघराचं दार, खोलगट जागा यांच्याजवळ बसवू नका. कोकणात, समुद्राजवळ, गंजरोधक लेपाच्या फिन्स असलेलंच युनिट घ्या आणि पावसाळ्याबाहेर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. कबुतरं मागच्या फटीत घरटं करतात. २५ मिमी भोकांची जाळी लावा, बारीक जाळीने हवा अडते.

शेवटी चाचणी. युनिट २० मिनिटं चालू ठेवा. एक थर्मामीटर मागे हवा ओढते तिथे आणि दुसरा पाच मीटर लांब सावलीत धरा. मागची हवा २ अंशांहून जास्त गार असेल, तर बसवणारा गच्चीवरून उतरण्याआधी युनिटची जागा किंवा तोंड बदलून घ्या.