पंकच्या रेकॉर्डी जमवताय? मग माझ्या या चुका टाळा

बेळगावातल्या आमच्या शहापुरातल्या घरात रेकॉर्ड म्हणजे आजोबांच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जड तबकड्या. त्यात गंगूबाई हनगलांची एक होती, ती मी संपवली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढच्या चुका त्यामानाने किरकोळ आहेत.

झालं असं, गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून मी पंकची, म्हणजे आरडाओरडीच्या वेगवान रॉकची, पहिली सिंगल (एकदोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आणली. ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण केलं. सिंगल लखलखीत झाली, म्हणून हुरूप येऊन तोच फडका आजोबांच्या तबकड्यांवरून फिरवला. विनाइलला, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डना, ते पातळ मिश्रण चालतं, पण 78च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फडका काळा होत गेला तसं मला वाटलं, किती वर्षांची घाण निघतेय बघा. आज्जी दारातून म्हणाली, "घाण न्हवं रे ती, गाणं निघालंय ते."

तेव्हा घरात दोन्ही प्रकार असतील तर दोन फडके, दोन बाटल्या. लाखेला मऊ कापड आणि नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तेही अगदी थोडं. विनाइललाही बोअरचं पाणी नको. वाळलं की क्षार खाचांत बसतात आणि प्रत्येक फेऱ्याला चटचट वाजतं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा (पाणी, ॲसिड नव्हे, दोनदा विचारून घ्या). पुसताना खाचांच्या दिशेने गोल पुसा आणि लेबल कोरडं ठेवा.

मशीनच्या चुका

कॅम्पातल्या एका काकांच्या मुलाने अमेरिकेतून जुनं टर्नटेबल आणलं. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, प्लेट फिरली, चहा झाला. पण गाणारा पोरगा जांभई देत ओरडतोय असं वाटत होतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50ची. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरची गती हर्ट्झवर ठरते, म्हणून 33⅓ ऐवजी प्लेट मिनिटाला जेमतेम 28 फेरे घेते. त्या मॉडेलची 50 हर्ट्झची पुली मिळाली तर काम होतं. डीसी मोटरच्या मशीनला हा त्रासच नाही.

उलटी चूक माझी. 7 इंची तबकडी म्हणजे मिनिटाला 45 फेरे, असं मी धरून चाललो होतो. हार्डकोअरवाले (हा पंकचाच आणखी वेगवान प्रकार) छोट्या तबकडीत गाणी कोंबतात. मायनर थ्रेट या बँडच्या 1981च्या पहिल्या 7 इंचीतच आठ गाणी आहेत. त्यामुळे काही 7 इंची 33वरही असतात. अशीच एक मी दोन महिने 45वर ऐकली आणि जगातला सगळ्यात वेगवान बँड सापडला म्हणून सांगत फिरलो. या संगीतात अशी चूक कानाला कळत नाही, लेबल वाचावं लागतं.

सुई उडायला लागली की आपल्याकडे हमखास उपाय म्हणजे हेडवर रुपयाचं नाणं. मीही ठेवलं. साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) साधारण दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो आणि हल्लीचं नाणंच 3 ग्रॅमच्या वर. उडी थांबते, पण सुई खाच कोरत जाते. आधी सुईच्या टोकावरची धूळ बघा, मग मशीन समतल आहे का, मग आर्मचं मागचं वजन. माझ्याकडे कारण वेगळंच निघालं. मशीन माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर होतं, आणि हार्डकोअर लावून स्वस्थ बसणारा माणूस मी नाही. भिंतीत पक्की फळी ठोकली आणि सुई सरळ झाली.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर मशीनच्या मागची अर्थची बारीक वायर ॲम्पच्या स्क्रूला लावायची राहिली असेल. आवाज फारच बारीक असेल तर फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) नाही.

पावसाळा

पुण्याचा एक जण मला म्हणाला, रेकॉर्ड उभ्या ठेव, बाकी काही लागत नाही. उभ्या ठेवायच्याच, आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. पण त्याला बेळगावचा जुलै माहीत नाही. इथे धुतलेली पँट चार दिवस वाळत नाही, तिथे पुठ्ठ्याचं कव्हर काय टिकणार? माझं कपाट पावसाच्या झडीच्या भिंतीला टेकून होतं. गणपतीत उघडलं तर कव्हरांवर पांढरी बुरशी, आणि कडा कसरीने कुरतडलेल्या. आता कपाट आतल्या भिंतीजवळ, मागे चार बोटं मोकळी आहेत, आत सिलिकाच्या पुड्या, आणि ऊन पडलं की दारं सताड उघडी. डांबरगोळ्या नकोत, वास कव्हरातून जात नाही. खानापूरच्या मित्राने पेटी जमिनीवर ठेवली होती. वाळवीने तळापासून सुरुवात केली.

पीव्हीसीच्या जाड, चकचकीत पिशव्याही टाळा. त्यातलं प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन बाहेर येऊन रेकॉर्डवर ढगाळ थर बसतो आणि तो पुसून जात नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. आणि एप्रिलच्या उन्हात, चोर्ला घाटातून, बाइकच्या काळ्या बॅगेत रेकॉर्ड आणू नका. आणलीत तर तिचा पापड होतो. कुणी केलं ते विचारू नका.

घेताना

विकणारा 'व्हीजी' लिहितो. त्याचा अर्थ व्हेरी गुड, पण व्यवहारात ती चरे असलेली, खरखरणारी रेकॉर्ड असते. चांगली हवी असेल तर किमान व्हीजी प्लस बघा.

बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडची 'स्पायरल स्क्रॅच' मी एका विक्रेत्याकडून पहिली छपाई समजून घेतली. जानेवारी 1977मध्ये बँडने उसने पैसे काढून न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीतर्फे ती काढली, आधी फक्त 1000 प्रती. पोस्टमनने पार्सलबरोबर कस्टम ड्युटीची पावती पुढे केली, ती भरली. कव्हर उघडून बघतो तर त्यावर 'विथ हॉवर्ड डिवोटो' (हा बँडचा पहिला गायक). ही ओळ 1979च्या पुन्हा छापलेल्या प्रतींवर आहे. पैसे पाठवण्याआधी कव्हरचा साधा फोटो मागितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडेही मागून घ्या. मिसफिट्स या बँडच्या सिंगल्सच्या तर नकलाच खूप फिरतात.

पण प्रत्येक वाकडेपणा म्हणजे खोट नव्हे. डिस्कॉर्ड या रेकॉर्ड कंपनीची पहिली रेकॉर्ड, टीन आयडल्स या बँडची 1980ची, तिची कव्हरं वॉशिंग्टनच्या त्या पोरांनी स्वतः कापून, दुमडून, चिकटवलेली होती. अशा रेकॉर्डची कड सरळ करायला कात्री घेऊ नका.

तीच गत जुन्या मालकाच्या खुणांची. माझ्या हणजूणच्या सिंगलवर कुणीतरी निळ्या पेनाने 'गोवा 84' लिहिलंय. पहिल्या आठवड्यात मी खोडरबर घेऊन बसलो होतो, कागदाची साल निघायला लागली तेव्हा थांबलो. आता '4' अर्धाच आहे. तेव्हापासून मी आतल्या पाकिटावर, रेकॉर्ड बाहेर काढून, मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि सोबत कोण होतं तेवढं लिहितो.

गंगूबाईंच्या त्या तबकडीचं खाकी पाकीट अजून आहे. त्यावर आजोबांच्या अक्षरात रागाचं नाव आहे. त्याखाली माझ्या अक्षरात, पेन्सिलीने: अल्कोहोल, मी.