बाळ बोलत नसेल तर ‘कन्नडमुळं’ म्हणून सोडून देऊ नका: सीमाभागातल्या नव्या अंगणवाडी टीचरांसाठी

नेमणुकीचं पत्र हातात आलं की पहिली धास्ती वाटते ती रजिस्टरांची. मी मराठी माध्यमातली, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. कन्नड होतं ते शाळेपुरतं. प्रशिक्षणात सगळं कन्नडमधून भराभर सांगितलं जायचं, मी मराठीत उतरवून घ्यायचे आणि रात्री घरी ते जुळवत बसायचे. आजही नवं परिपत्रक आलं की पोटात गोळा येतो. पण हजेरी, आहार, वजन, लस, गृहभेट हेच शब्द फिरून फिरून येतात, काही महिन्यांत हात बसतो. पोषण ट्रॅकर या नोंदींच्या अ‍ॅपची भाषा बदलून मराठीही करून घेता येते. तरी कन्नड मनापासून शिका. सुपरवायझरांशी बोलणं, पीएचसीतली म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातली विचारपूस, सिव्हिलमधली म्हणजे जिल्हा रुग्णालयातली धावपळ, सगळं त्यातून चालतं. एखाद्या मुलासाठी चार शब्द ठामपणे बोलायची वेळ येते तेव्हा अडखळून भागत नाही.

सहा सेवा, आहाराचं माप, लसींचं वेळापत्रक हे तुम्हाला शिकवलेलं असतं, त्यात मी जात नाही. एवढंच सांगते की दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजा आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. उलटं केलं तर साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो. कुपोषणाच्या सीमारेषेवरचं बाळ तेवढ्यानं चुकीच्या गटात जातं.

आता मुद्द्याचं. आपल्या भागात मूल उशिरा बोललं की उत्तर तयार असतं. घरात मराठी, अंगणवाडीत ‘चिली पिली’ या कर्नाटकातल्या अंगणवाडी अभ्यासक्रमातली कन्नड गाणी, गल्लीत कुणाची कोकणी, टीव्हीवर हिंदी. “भाषांचा गोंधळ व्हायलाय टीचर, शाळेत गेलं की बोलतंय बघा.” आई हे म्हणते, आजी म्हणते, जुन्या टीचरही म्हणतात. मलाही हेच सांगितलं गेलं आणि ते पटलं, कारण ऐकायला अगदी पटण्यासारखंच आहे. शिवाय त्यात कुणालाच काही करावं लागत नाही.

माझ्याकडं साडेतीन वर्षांची एक मुलगी यायची. हसरी, चपळ, ठोकळे रंगावार लावणारी. हवं ते बोटानं दाखवायची, बोलायची मात्र नाही. “ऐकू येतं का?” म्हटलं की घरचे लगेच तिच्या पाठीमागं स्टीलचं ताट पाडून दाखवायचे. ती वळायची. झालं, ऐकू येतंय! पण ताट फरशीवर पडलं की हादरा पायाला कळतो, तो कळायला कान लागत नाही. खरी गोष्ट पकडली आमच्या हेल्परताईंनी. त्या म्हणाल्या, “जेवायला हाक मारली की ही कधी आधी उठत नाही. दुसरी पोरं उठली की त्यांच्याकडं बघून उठतीया.” कानाची तपासणी झाली तोवर ती पाच वर्षांची होत आली होती. आज ती यंत्र लावून शाळेत जाते, बोलतेही. पण बोलणं शिकायची सगळ्यात मोलाची वर्षं मागं पडली ती पडलीच.

म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मुलाला वाचादोष होत नाही. अशी मुलं शब्दांची सरमिसळ करतात, नव्या भाषेच्या जागी काही दिवस गप्प बसतात, ते चालतं. पण आपल्या घरच्या भाषेत ती वयाप्रमाणं बोलत असतात. तेव्हा ‘अंगणवाडीत बोलतं का’ एवढ्यावर थांबू नका, सगळ्या भाषा मिळून मूल किती बोलतं ते बघा. पाण्याला ‘पाणी’ म्हणत असेल आणि दुधाला कन्नडमधलं ‘हालु’, तर ते दोन शब्द धरा. वर्षाचं होईस्तोवर बडबड नाही, बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नाही, तर थांबायचं नाही. आणि येत असलेलं बोलणं गेलं तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. तायी कार्डातही, म्हणजे आई-बाळाच्या आरोग्याच्या कार्डात, कोणत्या वयात मुलाला काय यावं ते दिलेलं असतं. ते पान आईसमोर उघडा. लसीचं पान तेवढं बघून कार्ड मिटू नका.

आईला “बोलतो का?” असं विचारू नका. कुठलीही आई “बोलतोय की!” म्हणेल. “काल भूक लागल्यावर काय म्हणाला? पाणी कसं मागितलं?” असं विचारा. “माझा हात धरून माठाकडं नेलं” असं उत्तर आलं तर तुमचं काम तिथंच सुरू झालं. कानाची शंका असेल तर मूल खेळात रमलेलं असताना मागून, पाय न आपटता, आपली सावली पुढं पडू न देता, हलक्या आवाजात नाव घ्या. एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी. सर्दी भरलेली असेल किंवा कान वाहत असेल तर तेही लिहून ठेवा. ही तपासणी नव्हे, नुसती शंका घ्यायची रीत आहे. निदान डॉक्टरांनी करायचं. तुम्ही कुणाच्या आईला “तुमचं मूल बहिरं आहे” असं म्हणायचं नाही, कधीच नाही.

याच्या उलटही होतं आणि तेही तितकंच वाईट. कन्नडमध्ये विचारलेल्या रंगाचं नाव मराठी मुलानं सांगितलं नाही म्हणून त्याला ‘मागं’ ठरवतात. फॉर्मवर खूण करण्याआधी घरच्या भाषेत विचारून बघा. ऊसतोडीला आलेल्या घरची, लमाणी बोलणारी मुलं असतील तर आईला किंवा मोठ्या भावंडाला शेजारी बसवून विचारा.

दाखवायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके 2013 पासून आहे. त्याच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात दोष, आजार, पोषणातली कमतरता आणि विकासातला उशीर तपासायचा असतो. पुढच्या तपासण्यांची सोय जिल्हा पातळीवर असते. पण पथकाची वाट बघत सहा महिने घालवू नका. आशाताईंना सोबत घेऊन पीएचसीत जा. बेरा नावाची कानाची तपासणी मूल झोपल्यावर करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवायचं का, सकाळी काय खायला द्यायचं, ते आधीच विचारून घ्या. गाडीभाडं खर्चून बेळगावला गेलेली आई मूल झोपलं नाही म्हणून परत आली की दुसऱ्यांदा जायला घर तयार होत नाही.

घाबरू नका मात्र. बोलायला उशीर झालेलं प्रत्येक मूल आजारी नसतं. तपासणीत काही निघालं नाही तर तुम्ही उगीच घाबरवलंत असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

शिकायचं कुठून, हेही विचारतात. केंद्र सरकारनं 2024 मध्ये ‘नवचेतना’ ही मार्गदर्शिका आणली ती जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी, आणि ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम तीन ते सहाच्या मुलांसाठी. ‘पोषण भी पढाई भी’ या आपल्या प्रशिक्षणात यांवरच भर असतो. नवचेतना नीट वाचा. पाळण्यातल्या बाळाशी बोलायचं असतं हे आपल्याकडं अजून घरोघरी सांगावं लागतं. मराठीतून वाचायचं असेल तर महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांचा ‘आकार’ अभ्यासक्रम आणि लहान बाळांसाठीचं ‘आरंभ’ यांचं साहित्य मिळवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला नेलं. चिंचोके, पानं, माती यांतून शिकवायची वाट त्यांनी आपल्या भाषेत केव्हाच घालून दिलेली आहे. दुकानातले महागडे तक्ते आणू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर भरून आलेले तयार अहवाल उतरवू नका, हे माझं अगदी पक्कं मत आहे. त्यात तुमचं एकही मूल नसतं. मार्गदर्शक शोधायचा तर झकास भाषण करणाऱ्यापेक्षा वीस वर्षं त्याच गल्लीत काढलेली हेल्पर शोधा. तिला प्रत्येक घरची भाषा, दारू आणि उधारी माहीत असते. आणि पालक ‘कॉन्व्हेंटसारखं एबीसीडी लिहून घ्या’ म्हणून मागं लागतील. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबू नका. मूल अंगणवाडीत दिवसभर काय बोललं ते संध्याकाळी आईला सांगा, हळूहळू मागणी कमी होते. माझ्याकडं झाली. सगळ्यांकडं होईलच असं नाही, काही पालक मूल काढून नेतात आणि ते सोसावं लागतं.

शेवटी एक कामाची गोष्ट. पुढच्या तपासणीला पाठवलेल्या मुलाच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ चिठ्ठी आईकडं द्या, तायी कार्डातच खोचून. वहीत तारीख, काय दिसलं आणि कोणत्या भाषेत विचारलं, हे तिन्ही लिहा. पंधरा दिवसांनी घरी जाऊन विचारा, गेला होता का? गेले नसतील तर रागावू नका, रोजगार बुडतो म्हणून राहिलेलं असतं. कुठल्या दिवशी सुट्टी पडते ते विचारा आणि जमलं तर त्या दिवशी आशाताईंना त्यांच्यासोबत पाठवा.