कळसूबाईला निघण्याआधी

बूट, पाणी, टोपी तुम्ही घेणारच. हेडटॉर्च घेतला का? डोक्याला बांधायचाच हवा, मोबाइलचा उजेड चालत नाही. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, पावसाळ्यात त्या निसरड्या होतात आणि तिथे दोन्ही हात मोकळे लागतात. गेल्या वेळी माझा टॉर्च नाशिकलाच राहिला आणि अंधारात मोबाइल दातांत धरून शिडी उतरावी लागली. तसं अजिबात करू नका.

"आम्ही सकाळी चढणार, आम्हाला कशाला?" म्हणणाऱ्यांनीही घ्यायचा. १६४६ मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे हे. सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागते आणि उतरता उतरता अंधार पडतो. टॉर्च माणशी एक. पाच जणांत दोन असतील तर तिघं चाचपडत उतरणार. आदल्या रात्री पेटवून बघा, जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

नाशिकहून महामार्गाने घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला बारी, पायथ्याचं गाव. इंदोरे गावाकडूनही वाट आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने बारीचीच धरावी. चढण्याआधीच गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवा. उतरल्यावर सांगितलंत तर उपाशी वाट बघत बसाल.

जीन्स नको, भिजली की पायाला चिकटते. वर आडोसा नाही, घामाच्या अंगाला वारा झोंबतो, म्हणून विंडचीटर आणि एक कोरडा शर्ट घ्या. ढग हटले तर अलंग, मदन, कुलंग हे गड ओळीने दिसतात आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. त्यासाठी थांबा, घाई करू नका. देवीच्या देवळात बूट काढून जा. कचरा परत खाली आणायचा, खिशातली गोळीची कागदंसुद्धा. विजा कडाडायला लागल्या तर शिडीला हात लावू नका.

आणि टॉर्च? टाकला ना सॅकमध्ये? आत्ताच टाका.

पुढे भंडारदरा: प्रवरेवरचं विल्सन धरण, रंधा धबधबा. रंध्याला कठड्याच्या आतच थांबा. पावसाच्या तोंडावर काजवे बघायचे असतील तर तिथे मात्र सगळे दिवे बंद, गाडीचेही. सांदण दरी पावसाळ्यात नाहीच.

परत येताना गाडी चालवणाऱ्याला आधी बारीत तासभर झोपू द्या.