नकाशावर तालुके रंगवताना

गूगल माय मॅप्सवर (स्वतःचा नकाशा बनवायच्या गूगलच्या साधनावर) कोल्हापूर जिल्ह्याचे 12 तालुके रंगवायचे असतील, तर प्रत्येकाला वेगळा लेयर, म्हणजे नकाशावरचा थर, देऊ नका. एका नकाशात 10 लेयरच मिळतात. चंदगड-आजऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत ते संपतील. सगळे आकार एकाच लेयरमध्ये काढा. रेषेचं साधन घेऊन हद्दीवर क्लिक करत जा आणि शेवटी पहिल्याच बिंदूवर क्लिक करा, म्हणजे आकार बंद होतो. मग रंगाच्या डब्याच्या चिन्हावरून रंग निवडा. तिथलीच पारदर्शकतेची पट्टी मात्र विसरू नका. शिरोळ गडद रंगवला, तर नरसोबावाडीचा कृष्णा-पंचगंगा संगमच झाकला जातो, आणि पुराच्या नकाशात नेमका तोच दिसायला हवा! तालुक्यांच्या हद्दींची केएमएल फाइल (नकाशावरचे आकार साठवणारी फाइल) हाताशी असेल, तर सरळ इम्पोर्ट करा. सह्याद्रीच्या कडेची वाकडीतिकडी हद्द हाताने काढणं फार वेळखाऊ आहे.