स्मार्ट टीव्हीची पाळत आणि जाहिराती कशा थांबवाव्यात

नवा टीव्ही लावायला आलेला माणूस भिंतीला ब्रॅकेट ठोकतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो आणि पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या अटींच्या पानांवर 'ॲग्री' दाबत पुढे जातो. त्याला पुढच्या घरी जायची घाई असते, आपल्याला मॅच बघायची. घरात कुणीही न वाचलेली संमती त्या दोन मिनिटांत कंपनीला मिळून जाते. टीव्ही कितीही जुना असो, ही संमती परत घेता येते. अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त ते मेनूत खोल दडवलेलं असतं.

आधी टीव्ही नेमकं काय करतो ते बघू. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत 'ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन', म्हणजे एसीआर नावाची सोय असते. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेऊन त्यांचा ठसा तयार होतो, तो कंपनीच्या सर्व्हरवरच्या संग्रहाशी जुळवला जातो आणि तुम्ही कोणता कार्यक्रम किती वेळ पाहिला हे कंपनीला कळतं. नमुना थेट पडद्यावरून घेतला जात असल्यानं सेट-टॉप बॉक्सवरची मालिकाही त्यातून सुटत नाही. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिदच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीचा नुसता मॉनिटर म्हणून वापर केला तरी एसीआर चालू राहतो, असं त्यांना दिसलं. त्याच तपासणीत दिलासा देणारी गोष्टही सापडली: सेटिंगमधून नकार दिला की हा डेटा जाणं थांबतं. म्हणजे ही बटणं नुसती दिखाव्याची नाहीत.

अमेरिकेत व्हिझिओ कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती प्रेक्षकांना नीट न सांगता गोळा केली होती. २०१७ मध्ये हे प्रकरण मिटवताना तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं, असं तो म्हणतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत, तोवर रिमोट आपल्याच हातात आहे.

पहिलं काम: ओळखणं बंद करा

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ऑल सेटिंग्ज, मग 'जनरल अँड प्रायव्हसी' आणि 'टर्म्स अँड प्रायव्हसी' असं जा. तिथे 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि 'इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग' यांवरची खूण काढा. मूळ वापराच्या अटी मान्य ठेवाव्या लागतात, या दोन नाकारल्या तरी टीव्हीचं काही अडत नाही.

एलजीमध्ये शोधायचा शब्द 'लाइव्ह प्लस'. तो बहुतेक मॉडेलवर जनरल, सिस्टीम आणि ॲडिशनल सेटिंग्ज यांच्या आत असतो. तो बंद करा. मग 'युजर ॲग्रीमेंट्स' उघडून पाहण्याची माहिती, आवाजाची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती यांची संमती काढून घ्या.

गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीवर प्रायव्हसीखाली 'युसेज अँड डायग्नॉस्टिक्स' बंद करा आणि 'ॲड्स'मध्ये जाऊन जाहिरातीचा आयडी पुसा किंवा बदला. अशा काही टीव्हींवर 'सांबा' नावाची वेगळी सेवाही असते. यादीत ते नाव दिसलं तर तीही बंद करा, कारण तिचं काम एसीआरचंच आहे.

फायर टीव्हीवर प्रेफरन्सेसमध्ये प्रायव्हसी सेटिंग्ज उघडा. 'डिव्हाइस युसेज डेटा', 'कलेक्ट ॲप युसेज डेटा' आणि 'इंटरेस्ट-बेस्ड ॲड्स' हे तिन्ही बंद करा.

मॉडेल आणि वर्षानुसार नावं थोडी बदलतात. नेमकं नाव सापडलं नाही तर 'प्रायव्हसी', 'टर्म्स' किंवा 'ॲडिशनल' असं लिहिलेला प्रत्येक कप्पा उघडून बघा. सॉफ्टवेअरच्या मोठ्या अपडेटनंतर अटींचं पान पुन्हा समोर आलं, तर घाईनं 'ॲग्री ऑल' दाबू नका. घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी रिमोट त्यांच्याच हातात असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आवडीनुसार जाहिराती बंद केल्या म्हणून जाहिराती कमी होत नाहीत. त्या तुमच्या सवयी बघून निवडल्या जात नाहीत, इतकाच फरक पडतो. संख्या कमी करायची तर पुढचं काम करावं लागेल.

होम स्क्रीन मोकळा करा

गुगल टीव्हीवर खात्याच्या सेटिंगमध्ये 'ॲप्स ओन्ली मोड' आहे. तो चालू केला की शिफारशींच्या रांगा जातात आणि ॲप उरतात. व्हॉइस असिस्टंटही बंद होतो, आणि वरच्या पट्टीतली जाहिरात पूर्ण जाईलच असं नाही. तरीही मला हा बदल सगळ्यांत सुखाचा वाटतो. फायर टीव्हीवर 'फीचर्ड कंटेंट'मध्ये व्हिडिओ आणि आवाज आपोआप सुरू होणं बंद करता येतं. एलजीवर होम सेटिंग्जमध्ये 'होम प्रमोशन' बंद करा. सॅमसंगवर टीव्ही लावताच स्मार्ट हब उघडू नये, अशी सोय 'स्टार्ट स्क्रीन ऑप्शन'मध्ये आहे.

राउटरपाशी अडवा

टीव्ही जाहिरात मागवतो तेव्हा आधी तिच्या सर्व्हरचा पत्ता विचारतो. हा पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. जाहिरातींचे पत्ते द्यायला नकार देणारी डीएनएस सेवा फुकट मिळते. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक'वरून 'मॅन्युअल' करा आणि ॲडगार्डचा ९४.१४०.१४.१४ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. हाच पत्ता राउटरमध्ये टाकला तर घरातल्या फोनलाही फायदा होतो. एखादं ॲप उघडेनासं झालं, तर परत ऑटोमॅटिक करा.

याची मर्यादा ओळखून असा. यूट्यूबच्या जाहिराती यानं थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणातल्या जाहिरातींचंही तेच. काही टीव्ही तर आपली स्वतःचीच डीएनएस वापरतात.

सगळ्यांत पक्का उपाय

टीव्हीला इंटरनेट देऊच नका. गावी आई-वडील फक्त सेट-टॉप बॉक्सवर बातम्या आणि मालिका बघत असतील तर त्यांच्या टीव्हीला वाय-फाय कशाला? आधी दिलेलं असेल तर फॅक्टरी रीसेट करा आणि पुन्हा सुरू करताना वाय-फायची पायरी 'स्किप' करा. दोष दुरुस्त करणारं अपडेट लागलंच, तर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून ते पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावता येतं.

ओटीटी हवंच असेल तर टीव्ही ऑफलाइन ठेवून वेगळी स्टिक किंवा बॉक्स जोडा. स्टिकही माहिती गोळा करते, म्हणून वरची सेटिंग्ज तिलाही लावा. पण ती फक्त तिच्यावर बघितलेलंच जाणते, शेजारच्या एचडीएमआयवर चाललेला सेट-टॉप बॉक्स तिला दिसत नाही. पाहण्याची सगळी माहिती एकाच कंपनीकडे जमा होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माइकचंही बघा. रिमोटमधला माइक साधारणपणे बटण दाबल्यावरच ऐकतो. लांबून हाक मारली की जागे होणारे टीव्ही मात्र सतत कान देऊन असतात. अशा टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा मागे बहुधा माइकचा छोटा खटका असतो, तो बंद ठेवा.

जुना टीव्ही विकताना किंवा एक्स्चेंजमध्ये देताना फॅक्टरी रीसेट केल्याशिवाय तो घराबाहेर काढू नका. आणि कोकणात होमस्टेच्या टीव्हीवर नेटफ्लिक्स किंवा यूट्यूब लॉग-इन केलं असेल तर खोली सोडण्याआधी साइन-आउट करा. विसरलात तर घरी येऊन फोनवरून त्याच खात्याच्या डिव्हाइसच्या यादीत जा आणि तो टीव्ही काढून टाका.