डीव्हीआर घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

सीसीटीव्हीचे कोटेशन हातात पडते तेव्हा त्यात कॅमेऱ्यांचे वर्णन ऐसपैस असते आणि डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर), म्हणजे त्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, एका ओळीत आटोपलेला असतो: ‘फोर चॅनल डीव्हीआर, वन टीबी हार्ड डिस्कसह’. ग्राहकही मेगापिक्सेल किती, रात्री रंगीत दिसते का, मोबाइलवर दिसेल ना, एवढे विचारतो आणि त्या ओळीवरून पुढे सरकतो. वास्तविक दुकान फुटल्यावर किंवा उभ्या गाडीला कुणी घासून गेल्यावर आपल्या हाती जे काही लागायचे असते, ते त्या एका ओळीवर अवलंबून असते. टीव्हीवरील मालिका साठवून ठेवणाऱ्या सेट-टॉप बॉक्सलाही डीव्हीआरच म्हणतात. पण आपल्या बाजारात हा शब्द कॅमेऱ्यांसाठीच रुळला असल्याने घर, दुकान किंवा लहान सोसायटी यांच्यापुरताच विचार येथे केला आहे.

पहिली पायरी: घटना कळायला किती दिवस लागतील, ते लिहून काढावे

कॅमेरे किती लावायचे, याच्या आधी हा प्रश्न सोडवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो. मेडिकल दुकानाचा गल्ला रोज रात्री मोजला जातो. पैसे कमी भरले तर मालकाला त्याच दिवशी कळते आणि आठवडाभराचे फुटेज त्याला पुरून उरते. किराणा दुकानात मालाची मोजणी महिन्यातून एकदा होत असेल, तर तेलाचे डबे कमी भरल्याचे महिनाअखेरीस लक्षात येणार, आणि तोवर सात दिवसांचे फुटेज चार वेळा पुसले गेलेले असणार. डीव्हीआरची डिस्क भरली की तो सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्या जागी नवे लिहितो. ही त्याची नेहमीची रीत आहे आणि त्यासाठी तो कुणाची परवानगी मागत नाही.

तिसरे उदाहरण कोकणातल्या बंद घराचे. मालक मुंबईत, घर उघडणार गणपतीला आणि नंतर थेट शिमग्याला. अशा घरात फक्त रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बसवणे मला व्यर्थ वाटते, कारण सहा महिन्यांचे चित्रण साठवायचे तर डिस्क अवाढव्य लागते आणि मधल्या काळात वीज किती वेळा जाईल याचा भरवसा नसतो. तिथे हालचाल होताच मोबाइलवर सूचना देणारा आणि ती चित्रफीत दूर कुठेतरी साठवणारा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो.

तक्रार उशिरा येण्याची शक्यता जेवढी जास्त, तेवढी साठवण मोठी हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलिस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी निकाल देताना चित्रण १८ महिने आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपण्यास सांगितले आहे. घरगुती वापरात इतके कुणालाच लागत नाही. सोसायटीला १५ ते ३० दिवस बहुधा पुरतात.

दुसरी पायरी: डिस्कचा हिशेब स्वतः मांडावा

‘एक टीबी म्हणजे महिनाभर आरामात’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. ते खरे की खोटे हे ठरवायला साधा गुणाकार पुरतो. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी डीव्हीआरमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते, ठरवलेला असतो आणि तो मेगाबिट प्रति सेकंद या मापात असतो. त्या आकड्याला १०.८ ने गुणले की एका कॅमेऱ्याला एका दिवसासाठी किती जीबी लागतील ते निघते. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २ मेगाबिट धरले, तर दिवसाला २१.६ जीबी, असे चार कॅमेरे असतील तर ८६.४ जीबी; म्हणजे एक टीबीची डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते. बिटरेट ४ मेगाबिट ठेवला की तेच दिवस निम्म्यावर, पावणेसहापर्यंत येतात. (नवी एक टीबीची डिस्क यंत्रात ९३१ जीबी दाखवते. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि यंत्र १,०२४ ने, एवढाच फरक. वरचा हिशेब हजाराचाच आहे.)

मग ‘महिनाभर’ येतो कुठून? एक मार्ग एच.२६५ या नव्या संक्षेप पद्धतीचा, ज्यात जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्या जागेत तशाच दर्जाचे चित्र मावते; डीव्हीआर आणि मोबाइल ॲप दोन्हींना ती पद्धत चालते का, एवढे पाहावे. दुसरा मार्ग केवळ हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग करण्याचा. जिन्यात किंवा बंद गोदामात तो उत्तम चालतो, पण फाटकाबाहेर झाड असेल तर वाऱ्यावर हलणारी प्रत्येक फांदी आणि रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती जमणारे किडे ही सगळी ‘हालचाल’च ठरते. तिसरा मार्ग कुणी बोलून दाखवत नाही: टेक्निशियन चित्राचा दर्जाच उतरवून ठेवतो. समोरच्या टीव्हीवर थेट चित्र चकचकीत दिसत राहते, साठवलेल्या चित्रात मात्र गाडीचा नंबर वाचता येत नाही. म्हणून ‘किती दिवस’ या प्रश्नाला नेहमी ‘कोणत्या रिझोल्यूशनला आणि किती बिटरेटला’ हे शेपूट जोडावे. सेकंदाला २५ ऐवजी १५ फ्रेम ठेवल्याने फाटकावरच्या कामात फारसे बिघडत नाही. रिझोल्यूशन कमी केल्याने मात्र बिघडते.

डिस्क कोणती, हेही कोटेशनमध्ये लिहून घ्यावे. संगणकासाठीची साधी डिस्क अहोरात्र लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते. या कामासाठी वेस्टर्न डिजिटलची पर्पल, सीगेटची स्कायहॉक अशा वेगळ्या मालिका मिळतात. संगणकातून काढलेली जुनी डिस्क ‘टेस्टेड’ म्हणून गळ्यात मारली जाण्याचे प्रकार होतात, तेव्हा डिस्कची वॉरंटी तिच्या अनुक्रमांकावरून स्वतः तपासावी.

तिसरी पायरी: डीव्हीआरशिवाय भागते का, ते पाहावे

एका फ्लॅटच्या दारापुरती नजर हवी असेल तर डीव्हीआर घेऊ नये. मेमरी कार्ड असलेला एक वायफाय कॅमेरा पुरतो. १२८ जीबीच्या कार्डावर २ मेगाबिटने सुमारे सहा दिवसांचे चित्रण मावते. मात्र सतत पुसून लिहिल्याने कार्ड झिजते आणि चोराने कॅमेरा उपटून नेला तर कार्डही त्याच्यासोबत जाते. शेतात मोटार किंवा केबल राखायची असेल तर तिथे ना वीज भरवशाची ना तार ओढणे सोयीचे. सौर पॅनेल आणि सिमकार्डवर चालणारा कॅमेराच तिथे जमतो.

तीन किंवा अधिक कॅमेरे एकाच इमारतीत, रोज २४ तास आणि दर महिन्याला कुणाला वर्गणी न भरता चालवायचे असतील, तेव्हा डीव्हीआर घेणे सर्वांत किफायतशीर ठरते. त्याचा चुलतभाऊ एनव्हीआर (नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर). डीव्हीआरला कॅमेरे कोअॅक्सियल तारेने, म्हणजे बाजारात जिला थ्री प्लस वन केबल म्हणतात तिने, बीएनसी जोडणी लावून जोडतात. एनव्हीआरला इंटरनेटसारख्या नेटवर्क केबलने, आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही देता येते. इमारतीत आधीची कोअॅक्सियल तार शाबूत असेल तर डीव्हीआर घ्यावा, कारण भिंती न फोडता निम्मे काम झालेले असते. काम अगदी नव्याने होत असेल तर एनव्हीआरचेही कोटेशन मागवावे. नेटवर्क केबलची एका ओढीतली मर्यादा १०० मीटर असते, हे लांबलचक आवाराच्या सोसायट्यांनी ध्यानात ठेवावे.

चॅनल, म्हणजे कॅमेरे जोडण्याच्या जागा, मोजताना आजचे कॅमेरे अधिक दोन असे धरावे. चार चॅनलच्या डीव्हीआरला कोअॅक्सियल तारेचा पाचवा कॅमेरा जोडता येत नाही, आणि पार्किंगच्या मागच्या कोपऱ्याची आठवण सगळ्यांना काम संपल्यावरच होते.

चौथी पायरी: जागा आणि वीज

दुकान फोडणारे गल्ल्याबरोबर डीव्हीआरही उचलून नेतात, अशा बातम्या आपण वाचतोच. तेव्हा तो टीव्हीखाली किंवा गल्ल्याच्या टेबलावर ठेवू नये. पोटमाळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावा, पण कपाटाला हवा खेळायला जाळी असावी, कारण उष्णतेने डिस्क लवकर जाते. डीव्हीआर आणि चार कॅमेरे मिळून ४० वॅट धरले तर दिवसाला ०.९६ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण २९ युनिट वीज लागेल. वर्षाच्या खर्चात ती मांडावी. मीटरची पेटी तळमजल्यावर उघडी असेल तर मेन स्विच खाली करणे हे चोराचे पहिले काम असते, म्हणून लहान यूपीएस हवाच. तो डीव्हीआरलाच नव्हे तर कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यालाही (एसएमपीएस) जोडलेला असावा. नाहीतर डीव्हीआर जागा राहून काळा पडदा रेकॉर्ड करीत बसतो.

पाचवी पायरी: पाहणार कोण, ते ठरवावे

आमच्या इमारतीतला अनुभव सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल गेली, दोन दिवसांत लक्षात आले, म्हणजे हिशेबाने फुटेज असायलाच हवे होते. वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर आठही चौकोन रोजच्यासारखे चालू होते. प्लेबॅक उघडला तर शेवटचे चित्रण चार महिन्यांपूर्वीचे. डिस्क केव्हाच बंद पडली होती. डिस्क गेली तरी थेट चित्र दिसतच राहते, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. डीव्हीआरने आपले काम केले होते, तो टुकटुक वाजत राहिला होता. रात्रभर वाजतो अशी वॉचमनची तक्रार आल्यावर दुरुस्तीला आलेल्या मुलाने मेनूत जाऊन त्याचा आवाज बंद केला आणि सही घेऊन गेला. त्या भेटीच्या नोंदीत ‘आवाजाची तक्रार दूर केली’ असे व्यवस्थित लिहिलेले आहे.

तेव्हापासून दर सोमवारी एक जण आदल्या रात्रीचे कुठलेही दोन मिनिटांचे चित्रण उघडून पाहतो, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडतो आणि वहीत सही करतो. आतला छोटा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर डीव्हीआर कुठल्या तरी जुन्याच तारखेला जाऊन बसतो, आणि तारीख चुकलेले फुटेज शोधणेही कठीण आणि पटवणेही. हे पाच मिनिटांचे काम अंगावर घेणारा एकही माणूस घरात, दुकानात किंवा समितीत सापडत नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: डीव्हीआर घेऊ नये, ते पैसे चांगल्या कुलपावर आणि दिव्यावर घालावे.

पासवर्डही याच माणसाकडे असावा आणि बसवल्या दिवशीच बदललेला असावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या बळावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. कॅमेऱ्यांच्या सुरक्षाचाचणीची अट भारतात एप्रिल २०२५ पासून लागू झाली आहे. खरेदीच्या वेळी त्या प्रमाणपत्राची विचारणा जरूर करावी. चाचणी झालेल्या यंत्रालाही सोपा पासवर्ड ठेवला तर ती चाचणी काय करणार!

सहावी पायरी: फुटेज बाहेर काढता येते का

पोलिसांत किंवा न्यायालयात फुटेज द्यायची वेळ आली तर नुसता पेन ड्राइव्ह पुरत नाही. जालन्यातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, या मुद्द्यावर आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर करता येत नसेल, तर नकलेसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राची अट आहे आणि त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचा एक भाग यंत्राचा ताबा असलेल्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि नकलेची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा ना, त्यात नोंदवायची असते. म्हणून घटना कळताच पहिले काम रेकॉर्डिंग थांबवण्याचे नसून त्या वेळेची नक्कल काढून घेण्याचे आहे, आणि गुन्हा गंभीर असेल तर पोलिस येईपर्यंत डिस्कला कुणालाही हात लावू देऊ नये.

हे सगळे मांडूनही घ्यायचे ठरले, तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी टेक्निशियनला समोर बसवावे आणि त्याला सांगावे: काल रात्री दोन ते दोन वाजून दहा मिनिटे, तीन नंबरचा कॅमेरा, पेन ड्राइव्हवर काढून दे. ती फाइल त्याच्या नव्हे, आपल्या संगणकावर चालवून पाहावी. चालली, तारीख बरोबर आली आणि फाटकातून गेलेल्या रिक्षाचा नंबर वाचता आला, की चेकवर सही करावी.