साथीच्या काळात ग्रामपंचायतीचे मतदान : केंद्रावरची तयारी

साथीत मतदान घ्यायचे म्हटले की पहिली काळजी यंत्राच्या बटणाची केली जाते. एकाच बटणाला शेकडो बोटे लागणार, हे खरे आहे. पण कोरोनासारखा आजार मुख्यतः श्वासातून पसरतो. मतदार बटणापाशी मिनिटभर एकटा असतो, रांगेत मात्र अर्धा-पाऊण तास चार जणांशी बोलत उभा राहतो. म्हणून केंद्राध्यक्ष, ग्रामसेवक आणि तलाठ्यांनी आपली निम्मी मेहनत रांगेवर खर्च करावी. सॅनिटायझर त्यानंतर.

आधी हिशेब करा. प्रभागात 700 मतदार आहेत आणि 80 टक्के मतदान होते असे धरू. ग्रामपंचायतीला हा आकडा फार नाही. म्हणजे 560 माणसे. सकाळी 7.30 ते सायंकाळी 5.30 ही 600 मिनिटे होतात, तेव्हा एका मतदाराला साधारण एक मिनिट मिळते. प्रभागात दोन-तीन जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबायचे असते, त्यामुळे एक मिनिट लागतेच. कागदावर हे जमते. पण गाव सरासरीने येत नाही. मतदान जानेवारीत असेल तर विदर्भात कापूस वेचणी चालू असते, तुरीची कापणी असते, पूर्व विदर्भात धानाची मळणी असते. वावरात जाण्याआधी मत टाकून मोकळे व्हायचे, नाहीतर परत आल्यावर. पहिल्या तीन तासांत निम्मे म्हणजे 280 लोक आले तर 180 जणांचे मतदान होते आणि साडेदहाला 100 माणसे उभीच राहतात. दोघांत सहा फूट ठेवायचे तर ही रांग 600 फुटांची झाली. एवढे पटांगण जिल्हा परिषदेच्या किती शाळांना आहे?

म्हणून नुसते चुन्याचे गोल आखून भागत नाही. पहिले पंधरा-वीस गोल भरतात आणि मागचे लोक गोलाबाहेर घोळक्याने उभे राहतात. मतदानाची वेळ कमी असेल तर गणित आणखी बिघडते. 15 जानेवारी 2021 रोजी राज्यात 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान ठरले होते, तेव्हा गडचिरोली आणि गोंदियात ते दुपारी 3 पर्यंतच होते. 450 मिनिटांत 560 जण म्हणजे माणशी 48 सेकंद. असे दिसले की तहसीलदारांकडे दुसऱ्या खोलीची मागणी आधीच लेखी करा. मतदानाच्या सकाळी काही होत नाही. भारत निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत एका केंद्रावरची मतदारसंख्या 1500 वरून 1000 वर आणली ती याच कारणाने. त्या सूचना लोकसभा-विधानसभेच्या. ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडे येते, त्यामुळे शेवटचा शब्द निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाचा.

गर्दी वेळेवर वाटा. वस्ती, टोली, पोड (आदिवासी पाडा) यांनुसार तास ठरवा आणि आदल्या दोन संध्याकाळी दवंडी द्या. घंटागाडीच्या भोंग्यावरूनही सांगता येते. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, वेळ ही विनंती आहे, अट नाही. दुसऱ्या तासाला आलेल्या मतदाराला परत पाठवायचा अधिकार कोणालाही नाही. दुसरी, तास वाटताना गावात लगेच राजकारण दिसते. “आमच्या टोलीला मुद्दाम भर दुपारची वेळ दिली” ही तक्रार ठरलेली. त्यावर उपाय एकच. सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून तास ठरवा आणि तो कागद त्यांच्या सह्यांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. लांबच्या पोडावरून पायी येणाऱ्यांना मात्र चिठ्ठीतून वगळा आणि त्यांच्या सोयीचा तास आधीच राखून ठेवा.

तरीही रांग लागेलच. मग तिला उभी न ठेवता बसवा. फाटकावर क्रमांकाची चिठ्ठी द्या, मांडवात सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडा आणि दहा-दहा क्रमांक पुकारा. बसलेला माणूस जागा सोडून पुढे सरकत नाही, उभा असलेला सरकतो. पुरुष, महिला आणि ज्येष्ठ-दिव्यांग असे तीन भाग करा. मांडव चारही बाजूंनी उघडा हवा. थंडीवाऱ्याला अडवायचे म्हणून कनाती लावल्या की बाहेरची मोकळी हवा गेलीच. जानेवारीत सकाळी फाटकाशी शेकोटी पेटते. ती केंद्रापासून लांब न्यायला सांगा. भोवती डोकी जमतात आणि सॅनिटायझर ज्वालाग्राही असते. ओल्या हातांनी शेकायला बसणे धोक्याचे आहे. विडी पेटवणाऱ्यांनाही हेच सांगायचे.

खोली

दोन दारांची खोली मागा, आत जायचे एक आणि बाहेर पडायचे दुसरे. एकच दार असेल तर मधोमध दोरी बांधून दोन वाटा करा आणि आतला मतदार बाहेर पडल्याशिवाय पुढचा सोडू नका. खोलीत एका वेळी तीनच मतदार असावेत : एक ओळख पटवणाऱ्याकडे, एक शाई-सहीच्या टेबलाशी, एक यंत्रापाशी.

खिडक्या उघड्या ठेवा. यावरून वाद होतो, कारण गुप्ततेसाठी खिडक्या बंद करण्याची सवय आहे. मतदान कक्ष खिडकीला न लावता कोऱ्या भिंतीला लावा, म्हणजे दोन्ही साधते. यंत्राच्या पाठीमागून किंवा बाजूने कोणाला डोकावता येऊ नये. समोरच्या खिडक्या मोकळ्या राहिल्या तरी चालते. पंखा असेल तर उभा पंखा एका खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा, आतली हवा बाहेर फेकली जाईल. छताचा पंखा तीच हवा फिरवत राहतो, शिवाय मतदार यादीची पाने उडवतो. मतदान प्रतिनिधी आत गर्दी करतात, त्यांच्या खुर्च्या दाराजवळ अंतरावर मांडा. त्यांना यादी आणि मतदाराचा चेहरा दिसला म्हणजे पुरे. ओळख पटवताना मतदाराने क्षणभर मास्क खाली घ्यावा आणि त्या वेळी कोणीच बोलू नये.

हात, शाई, अंगठा

क्रम चुकला की इथेच घोळ होतो. दारात सॅनिटायझर द्या, पण हात पूर्ण सुकू द्या, वीस ते तीस सेकंद. ओल्या बोटावर शाई नीट धरत नाही, ती पसरते. ओला अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला तर नोंदवहीत ठसा नाही, डाग उमटतो, आणि पुढे आक्षेप आला तर तो ठसा उपयोगाचा राहत नाही. शाई लावल्यावर ती वाळेपर्यंत हाताला काही लावू नका. दुसरे सॅनिटायझर यंत्रापासून निघाल्यावर, बाहेरच्या दाराशी. सही करणाऱ्यांनी पेन घरून आणावे असे दवंडीतच सांगा, तरी टेबलावर आठ-दहा पेन ठेवा.

यंत्रावर काहीही फवारू नका. मतपत्रिकेचा कागद पातळ आच्छादनाखाली असतो, द्रव आत गेला तर कागद ओला होतो, बटण अडकते आणि मतदान थांबते. हात स्वच्छ करून आलेला मतदार बटण दाबून पुन्हा हात स्वच्छ करतो, एवढ्यात काम होते. प्लॅस्टिकचे हातमोजे वाटायचे ठरले असेल तर ते टाकायला बाहेरच्या दाराशी झाकणाचा डबा हवाच. नाहीतर दुपारपर्यंत ते शाळेच्या कुंपणापलीकडे उडतात आणि ढोरांच्या पोटात जातात.

प्रत्येक बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि पिण्याच्या पाण्याच्या टेबलावर सॅनिटायझर कधीच ठेवू नका. यात अतिशयोक्ती नाही. जानेवारी 2021 च्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी 12 बालकांना सॅनिटायझर पाजले गेले होते.

सामान किती घ्यावे? 560 मतदारांना दोनदा 3 मिली धरले तर साडेतीन लिटरच्या आत होते. सांडणे आणि कर्मचारी धरून पाच लिटरचा कॅन घ्या, अल्कोहोल 70 टक्क्यांच्या आसपास असलेला. मास्क नसलेल्यांसाठी शंभर मास्क ठेवा. मास्क नाही म्हणून मतदाराला परत पाठवायचे नसते, मास्क द्यायचा असतो. कर्मचाऱ्यांना दिवसाला माणशी तीन. नळाची टाकी आणि साबण फाटकाजवळ. वावरातून मातीचे हात घेऊन आलेल्याला साबणच उपयोगी, कारण मळक्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. पिण्याच्या पाण्याला नळाचा पिंप, एका ग्लासाने माठातून पाणी नको. मतदान एप्रिल-मे मधले असेल तर पाणी आणि सावली यांची सोय आजाराइतकीच गंभीरपणे घ्या. विदर्भाच्या उन्हात सहा फुटांवर उभी राहिलेली म्हातारी चक्कर येऊन पडते.

फरशी, टेबले, दाराच्या कड्या आदल्या संध्याकाळी पुसा. सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्क्यांचे असेल तर एक लिटरात चार लिटर पाणी घाला, 1 टक्क्याचे द्रावण होते. ते नसेल तर ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर चालते : 33 टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचे 30 ग्रॅम एका लिटरला. पावडर ओलसर गोदामात उघडी पडलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, नवी पिशवी फोडा. द्रावण दहा मिनिटे राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. त्यात फिनाइल किंवा संडास धुण्याचे आम्ल मिसळू नका. आम्लाबरोबर विषारी वायू निघतो. माणसांवर फवारणी तर मुळीच नाही, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच ती करू नये असे सांगितले होते.

ताप मोजताना

कपाळावर धरायचा तापमापक उन्हात ठेवला की चुकतो आणि थंडीतही चुकतो. सकाळी साडेसातला गारठ्यातून आलेल्याचे कपाळ थंड असते, ताप असला तरी आकडा कमी दाखवतो. दुपारी उन्हातून चालत आलेल्याचा उगाच वाढतो. आशा ताईंनी मापक सावलीत ठेवावा, मतदाराला पाच मिनिटे बसवून मग मोजावे, कपाळावरचा घाम आणि पदर बाजूला करावा. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही जास्तच असेल तर चिठ्ठी देऊन शेवटच्या तासाला बोलवा. मतदानाचा हक्क जात नाही, हे त्याला सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगा. सेलचा एक जादा जोड खिशात असू द्या.

शेवटचा तास सर्वांत अवघड. बाधित आणि विलगीकरणातले मतदार तेव्हाच येणार आणि वावरातून परतलेले लोकही तेव्हाच. दोघे एका फाटकात गाठ पडले तर दिवसभराची मेहनत वाया. दवंडीत सर्वसाधारण मतदारांना साडेचारपर्यंत यायला सांगा. बाधितांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडून फक्त केंद्राध्यक्षाने घ्यावी. ती भिंतीवर लागली किंवा व्हॉट्सॲपवर फिरली तर पुढच्या वेळी लोक ताप लपवतील. बाधितांना शाळेच्या मागच्या बाजूला, झाडाखाली बसवा आणि पुढची रांग मोकळी झाल्यावर एकेक आत घ्या. 5.30 ला जे आवारात आहेत त्या सर्वांना रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात. मागे बसलेले हे लोक त्यात मोजायचे विसरू नका. त्या वेळी टेबलावरच्या सर्वांना चांगल्या प्रतीचा एन-95 मास्क आणि चेहऱ्याचे आवरण हवे.

कर्मचाऱ्यांचे स्वतःचे काय? त्यांचा सर्वांत मोठा धोका मतदारांकडून नसतो. तहसीलला साहित्यवाटपाच्या दिवशी शेकडो जण एका मांडवात असतात, मग खच्चून भरलेल्या गाडीत बसतात आणि रात्री शाळेच्या एका खोलीत झोपून मास्क काढून एकत्र जेवतात. वाटप झोननिहाय तासांत करा, गाडीच्या काचा उघड्या ठेवा, जेवण व्हरांड्यात अंतरावर घ्या. थंडी असली तरी झोपायच्या खोलीची एक खिडकी उघडी हवी.

अर्ज भरण्याच्या दिवसांतही असेच होते. डिसेंबर 2020 मध्ये संगणकप्रणाली अडखळली आणि अखेरच्या दिवशी कागदी अर्ज घ्यावे लागले. तहसीलबाहेर झुंबड उडणार नाही तर काय? कागदी अर्जांची वेगळी खिडकी आणि गावनिहाय वेळ पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

मतमोजणीला एका ग्रामपंचायतीची मोजणी लवकर आटोपते, पण तालुक्यातल्या सगळ्या गावांचे लोक सकाळी आठलाच येऊन बसतात. गावांचा क्रम आदल्या दिवशी जाहीर करा, पुढच्या तीन-चार गावांच्याच प्रतिनिधींना आवारात घ्या, निकाल भोंग्यावरून द्या. गुलाल आणि मिरवणूक रोखायला गावात पोलीस पाटील आणि तहसीलला पोलीस, दोन्हीकडे माणूस हवा. तहसीलला अडवलेली मिरवणूक वेशीवर निघतेच.

लक्षणे दिसायला दोन ते चौदा दिवस लागू शकतात. त्यामुळे आशा ताईंची ताप-खोकल्याची घरभेट मतदानानंतर दोन आठवडे चालू ठेवा आणि लक्षण दिसलेल्या कर्मचाऱ्याची तपासणी लगेच करून घ्या. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण झपाट्याने वाढले. ते निवडणुकीमुळेच वाढले असे म्हणता येत नाही, पण घरभेटी चालू असलेल्या गावात रुग्ण लवकर सापडतो. केंद्रावरचे मास्क आणि हातमोजे पिवळ्या पिशवीत बांधून आरोग्य केंद्राकडे द्या, शाळेच्या आवारात जाळू नका. खोली पुन्हा पुसून, दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून मगच मुख्याध्यापकांकडे किल्ली द्या.